ताटातला घास आणि मनातला तराजू

दुकानातील वजनकाटा ठरावीक मुदतीने वैधमापन निरीक्षकाकडून तपासून घ्यावा लागतो. काटा खरा असेल तरच त्यावर शिक्का बसतो. शिक्क्याविना माल तोलणे हा गुन्हा ठरतो. व्यापारी घरात वाढलेल्या लहान मुलालाही हा नियम ठाऊक असतो. मात्र त्याच घरात आणखी एक तराजू असतो आणि तो कोणी कधीही तपासलेला नसतो. ताटात एक पुरी अधिक पडली की तो एका बाजूला झुकतो. लग्नाच्या छायाचित्रात दंड जाड दिसला की पुन्हा झुकतो. ‘अंग सुटलंय हो जरा’ असे कोणी सहज म्हणून गेले की दिवसभर वर येत नाही. अन्नाविषयीचा अपराधभाव आणि शरीराची लाज यांचा हा तराजू. त्याची मापे कोठून आली, ती खरी आहेत का आणि त्यांनी माणसाचे भले होते का, या प्रश्नांची उत्तरे आज घरोघरी शोधण्याची गरज आहे.

बदललेले ताट, बदललेली नजर

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या सीमेला लागून असलेला दोडामार्ग तालुका १९९९ मध्ये सावंतवाडी तालुक्यातून वेगळा झाला. तिलारी नदीचे खोरे, काजूच्या बागा, नारळ-पोफळी आणि घाटमाथ्यावरून तिलारी घाटाने खाली उतरणारा रस्ता, असा हा मुलूख. येथील जुने ताट या मातीतूनच आलेले आहे. उकड्या तांदळाचा भात, ओल्या नारळाचे वाटण, उन्हाळ्याच्या तोंडावर ओल्या काजूगरांची उसळ, पावसाळ्यात कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी आणि आमसुलाची कढी. कांदा-लसूण आणि कंदमुळे वर्ज्य करणाऱ्या घरालाही यातील बहुतेक पदार्थ सहज जुळवून घेता येतात.

पिढ्यान्‌पिढ्या या ताटाकडे कोणी संशयाने पाहिले नव्हते. आता मोबाईलवर रोज नवा उपदेश येतो. भात बंद करा, नारळ टाळा, काजू मोजून चारच खा. ज्या गावात काजू आणि नारळ अंगणात पिकतात, त्या गावातील सुनेला तेच पदार्थ खाताना चोरी केल्यासारखे वाटू लागते. उकड्या तांदळात साध्या पांढऱ्या सडीक तांदळापेक्षा ब-जीवनसत्त्वे अधिक टिकून राहतात, ही साधी गोष्ट त्या गदारोळात हरवून जाते.

दिनक्रमही बदलला आहे. बागेत किंवा शेतात राबणाऱ्या माणसाला जे ताट पुरत असे, तेच ताट आता सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत गल्ल्यावर बसणाऱ्या माणसासमोर येते. गिऱ्हाइकामुळे दुपारचे जेवण तीन वाजेपर्यंत लांबते. मधल्या वेळेत चहा, शेव, चिवडा चालू राहतो. पूर्वी शेटजींचे सुटलेले पोट ही भरभराटीची खूण मानली जाई. आज तेच पोट विनोदाचा विषय होते. मुलीच्या बाबतीत तर स्थळ पाहण्याच्या आधी सहा महिने घरात तिच्या वजनाचीच चर्चा चालते. भरभराटीची खूण काय किंवा विनोदाचा विषय काय, दोन्ही वेळा माणसाला त्याच्या आकारमानावरून जोखले जाते. माप बदलले, जोखण्याची सवय तीच राहिली.

मापाचा इतिहास

शरीराच्या वजनाला उंचीच्या वर्गाने भागून मिळणारा ‘बॉडी मास इंडेक्स’ अर्थात बीएमआय आज अंतिम निवाडा समजला जातो. हे गणित मांडले ते बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अॅडॉल्फ केटले यांनी, १८३२ च्या सुमारास. एकेका माणसाचे आरोग्य ठरवणे हा त्यांचा हेतू नव्हता. मोठ्या लोकसमूहातील ‘सरासरी माणूस’ कसा असतो, हे त्यांना पाहायचे होते. अमेरिकी शास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये या गुणोत्तराला आजचे नाव दिले, तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी.

या मापाच्या मर्यादेचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय नेमका सारखा, २२.३. तक्त्यानुसार दोघेही ‘योग्य’. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा डॉ. युडकिन यांच्यात ते ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. काटा एकच, आकडा एकच, पण आतले वास्तव अगदी भिन्न.

डॉ. याज्ञिक यांनी पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत केलेल्या संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली. भारतीय नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने कमी असतात, परंतु त्यांच्या शरीरात चरबी मात्र तुलनेने टिकून असते. स्नायू कमी, चरबी त्या मानाने अधिक, अशी ही घडण आईच्या पोटातच सुरू होते आणि आईच्या पोषणाशी तिचा संबंध असतो. म्हणूनच भारतीयांसाठी तज्ज्ञांनी बीएमआयची मर्यादा खाली आणून २३ च्या पुढे सावध राहण्याचा सल्ला दिला आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर याच्या आत असावा, असे सांगितले.

या संशोधनाचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत. पहिला, आरोग्याची काळजी ही खरी गरज आहे. सडपातळ दिसणारा माणूसही मधुमेहापासून सुरक्षित असतोच असे नाही. दुसरा, शरीराची घडण ही केवळ जिभेच्या चोचल्यांची शिक्षा नव्हे. तिच्यामागे आजी-आईचे पोषण, वंश, व्यवसाय आणि वय असे सारे काही असते. रक्तशर्करा, रक्तदाब, कमरेचा घेर हे तपासता येतात आणि त्यांवर उपाय करता येतो. लाज वाटल्याने यातील एकही आकडा खाली येत नाही.

अपराधभाव काय करतो

अपराधभाव वाटला तर निदान पुढच्या वेळी माणूस कमी खाईल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मानसशास्त्राचा अनुभव याच्या उलट आहे. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही स्त्रियांना आधी मिल्कशेक दिले आणि नंतर चव पाहण्याच्या निमित्ताने हवे तेवढे आइस्क्रीम समोर ठेवले. ज्या स्त्रिया एरवी आहारावर कडक बंधन घालत नसत, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या सदैव बंधनात राहत, त्यांनी मात्र मिल्कशेक पिऊन झाल्यावर उलट अधिक खाल्ले. ‘नियम मोडलाच आहे, तर आता काय राहिले’ हा विचार त्यामागे होता. लग्नघरी एक जिलेबी खाल्ल्यावर ‘आज गेलाच दिवस’ म्हणून पाच जिलेब्या खाणारे सर्वांच्याच परिचयाचे असतात.

उपासमारीचा मनावर होणारा परिणामही अभ्यासला गेला आहे. वर उल्लेख आलेल्या अॅन्सेल कीज यांनीच १९४४-४५ मध्ये मिनेसोटा येथे ३६ निरोगी, स्वेच्छेने पुढे आलेल्या तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून निरीक्षण केले. ती माणसे चिडचिडी आणि उदास झाली. दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. सतत अर्धपोटी राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात अन्न घोळत राहते, तो त्याच्या चारित्र्याचा दोष नसतो. शरीर आपले रक्षण करत असते.

या चक्रातून बाहेर पडण्याचा मार्ग २००७ मध्ये क्लेअर अॅडम्स आणि मार्क लिअरी या संशोधकांनी दाखवला. त्यांनी तरुणींना प्रथम एक डोनट खायला दिला. त्यानंतर काही जणींना मोजक्या शब्दांत दिलासा दिला की, असे पदार्थ सगळेच कधी ना कधी खातात, त्यासाठी स्वतःवर कठोर होऊ नये. मग सर्वांसमोर गोळ्या-चॉकलेटे ठेवली. आहारावर कडक बंधन ठेवणाऱ्या ज्या तरुणींना हा दिलासा मिळाला होता, त्यांनी दिलासा न मिळालेल्यांपेक्षा कमी खाल्ले. दिलाशाने जीभ सैल पडली नाही, मन सावरले आणि सावरलेले मन योग्य वेळी थांबू शकले.

आत्मकरुणा म्हणजे नेमके काय

टेक्सास विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये आत्मकरुणेची संकल्पना शास्त्रीय रीतीने मांडली. तिची तीन अंगे त्यांनी सांगितली. पहिले अंग स्वतःशी ममतेने वागण्याचे. चूक झाल्यावर स्वतःला टोचून न बोलता, जवळच्या माणसाशी बोलावे तसे बोलणे. दुसरे अंग आपण एकटे नाही या जाणिवेचे; आपली उणीव ही मानवी जीवनातील सर्वांच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे, हे ओळखणे. तिसरे अंग सजगतेचे. जे वाटते आहे ते लपवायचे नाही आणि वाढवायचेही नाही, जसे आहे तसे पाहायचे.

व्यवहारी मन येथे लगेच शंका घेईल की, स्वतःला असे माफ करत गेले तर शिस्त राहील कशी. उधारी माफ करणारा दुकानदार बुडतोच. या शंकेचीही परीक्षा झाली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांच्या २०१२ मधील संशोधनात, अवघड शब्दपरीक्षेत अपयश आलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना स्वतःकडे करुणेने पाहण्यास सांगितले गेले. पुढील परीक्षेसाठी याच विद्यार्थ्यांनी अधिक वेळ अभ्यास केला. जो स्वतःला शिव्या देत नाही, त्याला आपली चूक डोळे उघडून पाहता येते. जो घाबरतो तो वही उघडतच नाही. आणि न उघडलेल्या वहीतला तोटा वाढतच जातो.

व्रताच्या शब्दांतच ठेवलेली जागा

जैन कुटुंबात आहाराला इतर कोणत्याही घरापेक्षा अधिक नियम असतात. म्हणून येथे एक धोका संभवतो आणि एक मोठा आधारही आहे.

धोका असा की, शरीराची लाज तपाचे वस्त्र पांघरून येऊ शकते. एखादी मुलगी सलग आयंबिल किंवा उपवास करते आणि घर तिचे कौतुक करते. परंतु तिच्या मनात कर्मनिर्जरा नसते, आरशातील कंबर असते. शास्त्राने अशा फलाकांक्षेला निदान म्हटले आहे आणि माया, मिथ्यात्व यांच्या बरोबरीने त्याला शल्य मानले आहे. शल्य म्हणजे रुतलेला काटा. बाह्य तपांत अनशनानंतर लगेच ऊनोदरीचा क्रम येतो. भुकेपेक्षा थोडे कमी खाणे, तेही समतेने. समता हरवली आणि देहाचा तिरस्कार सुरू झाला, तर उरते ती केवळ उपासमार.

आधार असा की, आपल्या परंपरेने मनुष्य चुकणार हे आधीच गृहीत धरले आहे. पच्चक्खाणाच्या पाठात आगार असतात. अनाभोग म्हणजे विसरून झालेली कृती, सहसागार म्हणजे अचानक, नकळत झालेली कृती. मोठ्या पच्चक्खाणांत सर्वसमाधिप्रत्यय हा आगारही येतो. तीव्र व्याधीत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषधादी घेण्याची मोकळीक तो देतो. नियम घेताना ज्यांनी इतकी दया दाखवली, त्यांच्या अनुयायांनी एका लाडवासाठी स्वतःला महिनाभर दोष देत राहावे, हे विसंगत आहे.

चूक जाणूनबुजून झाली असेल, तर त्यासाठीही मार्ग आहे. प्रायश्चित्ताचा आरंभ आलोचनेने होतो आणि त्यानंतर प्रतिक्रमण येते. आलोचनेत दोष जसा घडला तसा सरळ शब्दांत सांगायचा असतो. प्रतिक्रमण म्हणजे मागे फिरणे, आपल्या जागी परत येणे. या दोन्हींना शेवट असतो. अपराधभावाला शेवट नसतो, तो त्याच जागी फिरत राहतो. रोजमेळ संध्याकाळी बंद करून शिल्लक पुढे ओढणारा व्यापारी आणि तीच खोडलेली नोंद रात्रभर पुन्हा पुन्हा लिहिणारा माणूस यांत जितका फरक, तितकाच या दोहोंत आहे.

स्वयंपाकघरातील साधना

आत्मकरुणेला वेगळे आसन किंवा वेगळी वेळ लागत नाही. अधिक खाल्ले गेले आणि मन खट्टू झाले, तर प्रथम घडले ते विशेषणे न लावता मनात म्हणावे. ‘तीन लाडू खाल्ले, आता वाईट वाटते आहे.’ एवढेच. ‘हावरट’, ‘कमकुवत’ हे शब्द घटनेत नव्हते. ते नंतर जोडलेले असतात. मग हीच गोष्ट बहिणीने सांगितली असती तर तिला काय म्हटले असते, ते शब्द स्वतःला ऐकवावेत. सणाच्या दिवशी हजारो घरांत हेच घडते, याची आठवण ठेवावी. आणि पुढचे जेवण ठरल्या वेळी, नेहमीसारखे घ्यावे. शिक्षा म्हणून जेवण टाळले, तर हर्मन-मॅक यांच्या प्रयोगातील चक्र पुन्हा सुरू होते.

पुष्कळदा दोष मनाचा नसतो, वेळापत्रकाचा असतो. चौविहार पाळणाऱ्या दुकानदाराने दुपारचे जेवण गिऱ्हाइकांपायी चुकवले, तर सूर्यास्तापूर्वीच्या अर्ध्या तासात घाईघाईने अधिक खाल्ले जाणे स्वाभाविक आहे. त्यावर पश्चात्ताप हा उपाय नव्हे. एक वाजता डबा उघडणे आणि त्या वीस मिनिटांसाठी गल्ला दुसऱ्याकडे सोपवणे, हा उपाय आहे. घरातील स्त्री सर्वांना वाढून उरलेसुरले उभ्याउभ्या खात असेल आणि रात्री तिला ‘किती खाल्ले’ याची बोचणी लागत असेल, तर तिने ताट घेऊन सर्वांबरोबर बसणे हीच पहिली करुणा. आईच्या पोषणाचा परिणाम पुढच्या पिढीच्या शरीरावर होतो, हे पुण्याच्या संशोधनाने दाखवलेच आहे.

जिभेचा संयम वाणीलाही लागू होतो. भेटताक्षणी ‘बारीक झालीस’, ‘जाड झालास’ असे म्हणण्याची प्रथा घराघरांतून हद्दपार व्हावी. पाहुण्याला आग्रह दोनदा करावा, तिसऱ्यांदा त्याचा नकार मान्य करावा. नाही तर वाढणाराच नंतर त्याच्या पोटाविषयी बोलतो. मुलांदेखत आईने आरशासमोर स्वतःच्या शरीराला नावे ठेवू नयेत, कारण मुली ती भाषा तोंडपाठ करतात. मुलाला ‘ढोल्या’ म्हणून हाक मारणे हे प्रेम नव्हे. वजनाविषयी बोलणे डॉक्टरांनी आवश्यक सांगितले असेल, तर ते एकांतात आणि संपूर्ण घराच्या आहाराच्या संदर्भात बोलावे. एका व्यक्तीच्या ताटावर बोट ठेवून नव्हे.

मदत केव्हा घ्यावी

काही वेळा हा त्रास घरगुती समजुतीच्या पलीकडे गेलेला असतो. मुलगी सर्वांबरोबर जेवणे टाळते. जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाते आणि उलटी काढते. पाळी अनियमित होते. लपवून खाते आणि वेष्टने दडवते. वजन झपाट्याने घटत असूनही स्वतःला जाड म्हणते. उपवास सोडायचा म्हटले की भेदरते. अशा वेळी रागावणे, वाखाणणे किंवा ‘वयच तसे आहे’ म्हणून सोडून देणे, तिन्ही घातक आहेत. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि उशिराने तो जिवावरही बेतू शकतो. केंद्र सरकारची टेली-मानस ही निःशुल्क दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. दोडामार्ग परिसरातील कुटुंबांना गोव्यातील बांबोळी जवळ आहे. तेथे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मानसोपचाराची स्वतंत्र शासकीय संस्थाही आहे. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांनी दीर्घ तपश्चर्येपूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. गुरुमहाराजांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही खरी परिस्थिती सांगावी.

पर्युषणाच्या अखेरीस संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना किंवा दशलक्षणानंतर क्षमावाणीच्या दिवशी, चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागितली जाते. सूक्ष्मातिसूक्ष्म जीव त्यातून वगळला जात नाही. वर्षभर ज्याला नावे ठेवली, अर्धपोटी ठेवले, कपड्यांत लपवले, आणि ज्याने तरीही दुकानाची पायरी रोज चढू दिली, मुलांना कडेवर घेऊ दिले, सामायिकाला बसू दिले, तो आपलाच देहधारी जीव त्या चौऱ्यांशी लक्षांतच आहे. यंदा क्षमा मागताना त्याचीही मागावी आणि मग ताटावर शांतपणे बसावे.